बापाची बाजू

देगलूरच्या बस स्टँडवर सकाळी अर्धा तास बसलं, की बापाला मारलेल्या हाका चार भाषांतून ऐकू येतात. कुणी ‘बाबा’ म्हणतं, कुणी ‘आप्पा’, कुणी ‘नान्ना’ आणि कुणी ‘अब्बा’. आमचा तालुकाच तसा आहे. इकडे नांदेड, तिकडे तेलंगण, खाली कर्नाटक. 1956 साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा याच तालुक्यातले बिचकुंदा आणि जुक्कल हे भाग आंध्र प्रदेशात गेले. आज ते तेलंगणात आहेत. नकाशावर रेघ पडली, पण सोयरीक आणि बाजारहाट काही तुटला नाही. बापाला हाक मारायचे शब्दही एकमेकांच्या घरात राहिले. आमच्या मराठी घरातसुद्धा वडिलांना आम्ही ‘आप्पा’च म्हणायचो.

मराठी कथा-कादंबऱ्यांतल्या लक्षात राहणाऱ्या बापांवर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा काम सोपं वाटलं. पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, चार पुस्तकं वाचली. आठवतील तेवढे बाप सांगून टाकू, असा विचार केला. कागद घेऊन यादी करायला बसलो, तर आठवल्या आयाच. ‘श्यामची आई’ तर पुस्तकाच्या नावातच. बापाला मात्र आठवून आठवून शोधावं लागत होतं. असं का व्हावं?

एक कारण आपल्या बोलीतच आहे. कुणाची माया फार वाखाणायची असेल तर आपण त्याला ‘माउली’ म्हणतो, मग तो पुरुष का असेना. पंढरीचा विठ्ठल कमरेवर हात ठेवून उभा असलेला पुरुष, पण वारकऱ्याला ती विठाई. ज्ञानेश्वरही माउली. आमच्या देगलूरला धुंडा महाराजांच्या घराण्याची कीर्तन-प्रवचनाची मोठी परंपरा. लहानपणापासून हेच कानावर पडलं. थोडक्यात, मराठीत माया करणारा बाप हा आई होऊन जातो. बाप म्हणून जो उरतो तो शिस्तीचा, कर्जाचा आणि गप्प बसण्याचा.

दुसरं कारण जुन्या घराच्या रीतीत आहे. चार वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं लेकरू उचलून घेणं हे तेव्हा बरं दिसत नसे. आजोबांनी नातवाला खांद्यावर बसवावं, बापानं मात्र खाली मान घालून बाहेर निघून जावं. मग पोरगं मोठं होऊन लिहायला बसलं, तर त्याला बापाची पाठच आठवणार!

आता पुस्तकांकडे येऊ. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून आली. हे साप्ताहिक 1890 साली सुरू झालं, आणि कादंबरीचं पुस्तक 1893 साली निघालं. ही यमूची कहाणी, यमूनंच सांगितलेली. तिचे वडील घरात आले की घर चिडीचूप होतं. त्या काळच्या मध्यमवर्गीय घरातला बाप म्हणजे सत्ता. मुलगी त्याला पाहते ती दाराआडून. तिच्या लग्नाचा, शिक्षणाचा निर्णय माजघराबाहेर होतो आणि तिला तो फक्त कळवला जातो. हरिभाऊंनी मुलीच्या तोंडी गोष्ट दिली, म्हणून बापाचा दरारा एखाद्या लेकराला कसा जाणवतो हे मराठी वाचकाला प्रथमच इतकं जवळून कळलं.

चाळीसेक वर्षांनी, 1933 साली, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं; पुस्तक 1935 साली आलं. आपण सगळे या पुस्तकात आईसाठी रडलो. पण एकदा वडिलांकडे लक्ष ठेवून ते वाचा. मुलं ज्यांना ‘भाऊ’ म्हणतात ते हे गृहस्थ. खोताचं घराणं, पण कर्जानं पोखरलेलं. भाऊबंदकीत घर सुटतं, सावकाराचा माणूस दारात येऊन नको ते बोलतो. आईला बोलता येतं, रागावता येतं, मुलाला जवळ घेऊन समजावता येतं. भाऊंच्या वाट्याला येतं ते लाजेनं गप्प राहणं. इथला बाप सत्ता गमावलेला आहे. यमूच्या वडिलांचा दरारा जाऊन इथे बापाची लाचारी आली, पण गोष्ट सांगणारं मात्र पुन्हा लेकरूच.

पुढे 1963 साली भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ आली. त्यातला पांडुरंग सांगवीकर शिकायला पुण्याला येतो. गावाकडे वडील आहेत, शेतीवाडी आहे, हिशेब चोख आहेत. वडील पैसे पाठवतात, मुलगा ते उधळतो, आणि शेवटी हात हलवत गावी परत येतो. या बापलेकांत प्रेम नाही असं नव्हे, पण बोलायला समान भाषा नाही. रशियन लेखक तुर्गेनेव्ह यानं 1862 सालीच ‘बाप आणि मुलं’ या अर्थाच्या नावाची कादंबरी लिहून हा पेच मांडला होता: शिकून आलेला मुलगा आणि घरी थांबलेला बाप. आपल्याकडे खेड्यातली पोरं मोठ्या संख्येनं कॉलेजात जाऊ लागली ती स्वातंत्र्यानंतर. म्हणून आपला हा पेच शंभर वर्षं उशिरा पुस्तकात उतरला.

आमच्या भागाचं पुस्तक म्हणाल तर रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’, साल 1971. बोराडे सर लातूर तालुक्यातल्या काटगावचे; 2025 साली ते गेले. ‘पाचोळा’ म्हणजे खेड्यातल्या एका शिंप्याच्या घराची वाताहत. बाप मानी आहे. हातात कला आहे, पण दिवस फिरले की मानच त्याच्या गळ्याला फास होतो. ही सगळी कादंबरी त्याची बायको सांगते, तीही आपल्या मराठवाडी बोलीत. नवरा कसा चुकतो आहे हे तिला दिसतं, आणि तो का चुकतो आहे हेही तिलाच समजतं. कुटुंबकर्ता कसा मोडतो हे मी इतकं स्पष्ट क्वचितच वाचलं आहे. मात्र हा बापही स्वतःबद्दल स्वतः सांगत नाही. कुणीतरी दुसरं त्याच्याबद्दल सांगतं.

इथं मला पहिल्यांदा जाणवलं की आपल्या साहित्यातल्या बापाची गोष्ट बहुधा दुसऱ्याच्या तोंडून येते. मुलगी सांगते, मुलगा सांगतो, बायको सांगते. याला अपवाद आहेत, पण ते मोठे मासलेवाईक आहेत. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’मध्ये, 1959 साली, ययाती स्वतः बोलतो. पण हा बाप कोणता? तर मुलाचं तारुण्य मागून घेणारा! दुसरा अपवाद नाटकातला. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधले आप्पासाहेब बेलवलकर 1970 साली रंगभूमीवर उभे राहिले आणि मुलांनी दूर लोटलेल्या बापाचं दुःख घराघरात पोचलं. शेक्सपियरचा राजा लिअर त्यांच्या मागे उभा आहेच. पण आप्पासाहेब पडले नट. शब्द हेच त्यांचं आयुष्य. राजाला बोलता येतं, नटाला बोलता येतं. शिंप्यानं, कुळानं, मुनीमानं कसं बोलायचं?

आता थोडं माझ्या घरचं सांगतो.

माझा जन्म 1949 सालचा. म्हणजे हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं, त्याच्या दुसऱ्या वर्षीचा. आप्पांचं शिक्षण त्याआधीचं, निजामाच्या राज्यातलं. संस्थानाची राजभाषा उर्दू. कचेरी उर्दूत, वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत. आप्पा वस्तानिया म्हणजे मिडल स्कूलपर्यंत शिकले आणि मोंढ्यात एका आडतीवर मुनीम म्हणून लागले. घरात मराठी बोलायचे, गिऱ्हाइकाशी तेलुगू आणि कन्नड बोलायचे, लिहायचे मात्र उर्दू. देवनागरी त्यांना वाचता यायची ती अक्षराला अक्षर जोडून, दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरती.

मी मात्र मराठी शाळेत गेलो. सहामाहीचं प्रगतिपुस्तक यायचं, त्यावर पालकाची सही लागायची. आप्पांची सही उर्दूत, उजवीकडून डावीकडे, एका झोकात केलेली. किती सुंदर होती हे मला आज कळतं. तेव्हा वर्गातली पोरं ती बघून हसायची. पाचवीत असताना मी हट्ट धरला, की आप्पा, मराठीत सही करा. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी प्रगतिपुस्तक हातात दिलं. त्यावर देवनागरीत नाव होतं, पहिलीतल्या पोरानं काढावं तसं. एक वेलांटी उलटी पडली होती.

गुरुजींनी ती सही पाहिली, मागची उर्दू सही पाहिली, आणि मी खोटी सही केली असं ठरवून मला छडीनं मारलं. मी घरी सांगितलं नव्हतं. शेजारच्या पोरानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीआधी आप्पा शाळेत आले. वर्गाच्या दाराबाहेर चपला काढल्या, डोक्याचा रुमाल हातात घेतला, पण उंबरठ्याच्या आत आले नाहीत. तिथूनच म्हणाले, “गुरुजी, सही माझीच हाय.” एवढंच. आणि मोंढ्याकडं निघून गेले. वर्ग हसला. मलाही त्यांची लाज वाटली, हे आज या वयात कबूल करायला हवं.

मराठी साहित्यात पुढे जे मोठे बाप आले, ते मला याच जागी भेटले. शाळेच्या दारात. साधारण 1980 नंतर ज्यांच्या घरात आधी कुणी शिकलं नव्हतं अशी मुलं लिहू लागली, आणि त्यांच्या पुस्तकांत बापाची परीक्षा होते ती एकाच प्रश्नावर: पोराला शाळेत घालायचं की नाही? लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ 1980 सालचं. कैकाडी समाज, बिऱ्हाड गाढवावर, आणि तरीही बाप पोराला शाळेत घालायचा हट्ट धरतो. लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ 1987 सालचं. ते तर आमच्या शेजारचे, लातूर तालुक्यातल्या धनेगावचे. ज्या जमातीवर इंग्रज सरकारनं गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्या जमातीतला बाप मुलाला शाळेत पाठवतो तेव्हा विरोध सोसावा लागतो तो आपल्याच माणसांचाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या 1984 सालच्या ‘अक्करमाशी’त तर प्रश्नच निराळा. शाळा विचारते बापाचं नाव काय, आणि तेच नाव लावायची चोरी. ही आत्मकथनं आहेत, कादंबऱ्या नव्हेत, हे मान्य. पण आपल्या कादंबरीला बापाकडे पाहायची नवी नजर त्यांनी दिली, म्हणून त्यांना वगळून हा इतिहास सांगता येत नाही.

आणि मग आनंद यादवांची ‘झोंबी’. हीसुद्धा 1987 सालचीच, पण ही आत्मचरित्रात्मक कादंबरी. तिला 1990 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कागलच्या कुळाचं घर. इथला बाप पोराला शाळेतून काढून शेतावर जुंपतो. पोराला तर शिकायचंच आहे. शेवटी आई आणि आनंदा रात्री दत्ताजीराव देसायांच्या वाड्यावर जातात, गाऱ्हाणं घालतात. दत्ताजीराव बापाला बोलावून खडसावतात. बाप नाइलाजानं कबूल होतो, पण अटी घालतो: शाळेआधी रानातलं काम, शाळेनंतर गुरं. पुढे त्या मुलाला सौंदलगेकर मास्तर भेटतात. ते कविता अशी शिकवतात की हा पोरगा गुरांमागे हिंडताना कविता म्हणू लागतो. सख्खा बाप दार लावतो आणि दुसरे दोघं बापाच्या जागी उभे राहून ते उघडतात.

असे बापासारखे बाप मराठीत पुष्कळ आहेत. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला (1955) म्हातारा कारभारी आठवा. धनगरांच्या वस्तीवर आलेल्या कोवळ्या मास्तराला तो सांभाळतो, त्याच्यावर रुसतोही. पु. ल. देशपांड्यांचे ‘व्यक्ती आणि वल्ली’तले (1962) चितळे मास्तर घ्या, पोरांना शिकवता शिकवता घरचं माणूस झालेले. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’त (2004) मुकुंदाला घरचे वडील आहेतच, पण मनातलं बोलायला नरूमामा लागतो. मला वाटतं, सख्ख्या बापावर घर चालवण्याची जबाबदारी, म्हणून माया करण्याचं काम आपल्या लेखकांनी मामाला, मास्तराला, गावच्या म्हाताऱ्याला वाटून दिलं.

‘झोंबी’ मी 1988 साली विकत आणली. तेव्हा मी स्वतः मास्तर होतो आणि आप्पा म्हातारे झाले होते. ओसरीवर बसून वाचत होतो. आप्पांनी विचारलं, “काय वाचूलालास?” मी सांगितलं. म्हणाले, “मोठ्यानं वाच की.” मग रोज संध्याकाळी दहा-पंधरा पानं त्यांना वाचून दाखवू लागलो. कागलची बोली त्यांना थोडी अडायची, पण रान, मोट, ऊस हे कुठं परकं होतं! दत्ताजीरावांचा प्रसंग आला. मला तो फार आवडतो, म्हणून रंगवून वाचला. बाप कसा गप्प झाला, पोरगा कसा जिंकला. वाचून थांबलो आणि आप्पांकडे पाहिलं. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, “त्या पोराच्या बापाला कोणी इचारलं का रे, तू काहून नाई शिकला म्हून?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत पोरांनी मला शेकडो प्रश्न विचारले, पण इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नाही. आणि त्या क्षणी लक्षात आलं, की आमच्या घरातही हा प्रश्न कुणी विचारलेला नाही. मी विचारला. “आप्पा, तुम्ही का सोडली शाळा?” ते म्हणाले, आज्यावर कर्ज होतं, आडतवाल्याला हिशेब लिहिणारं पोरगं हवं होतं, पगारातून व्याज वळतं व्हायचं. “अन् शाळेत मास्तर उर्दूत बोलायचा. घरी इचारावं तर कोणाला समजतंय? मला हुशार म्हणायचे. पर हुशार म्हंजे काय, हे घरी कोणालाच कळत नव्हतं.” बापाचं एवढं लांबलचक बोलणं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो.

रवींद्रनाथ टागोरांची ‘काबुलीवाला’ ही 1892 सालची कथा आपण शाळेत वाचलेली असते आणि छोट्या मिनीची गोष्ट म्हणून लक्षात ठेवतो. पण ती सांगतो कोण? मिनीचा बाप. मेवा विकणारा रहमत तुरुंगातून सुटून मिनीला भेटायला येतो, तो नेमका तिच्या लग्नाच्या दिवशी. खिशातून एक कागद काढतो. त्यावर काजळीनं उमटवलेला त्याच्या लहान मुलीच्या हाताचा ठसा. तो ठसा पाहिल्यावर लेखकबाबू आणि फेरीवाला यांतला फरक पुसला जातो. दोघेही फक्त बाप उरतात. मिनीचा बाप लग्नातल्या रोषणाईचा खर्च कापून रहमतला गावी जायला पैसे देतो. एका बापाचं मन दुसरा बाप सांगतो, तेव्हा काय होऊ शकतं हे त्या छोट्या कथेनं दाखवलं.

आपल्याकडे ही वाट एका मुलानं निराळ्या पद्धतीनं काढली. नरेंद्र जाधव यांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’ हे पुस्तक 1993 साली आलं. त्यांचे वडील दामोदर जाधव मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरीला होते. शाळा जेमतेम पाहिलेली. निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहानं त्यांनी आपल्या आठवणी स्वतःच्या हातानं लिहिल्या आणि त्या पुस्तकाचा भाग झाल्या. हेही आत्मकथन. पण नावात ‘बाप’ असलेलं आणि बापालाच बोलू देणारं पुस्तक म्हणून माझ्या यादीत ते वरच्या जागी आहे.

अलीकडच्या कादंबरीत मात्र बापाची अडचण आणखी वाढली आहे. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मध्ये (2002) एकनाथ शिकला, पदव्या घेतल्या, पण डोनेशनला पैसे नाहीत म्हणून मास्तरकी मिळत नाही. त्याचे वडील सुभानराव शेतकरी. ‘उपरा’तल्या बापानं ज्या दारापर्यंत पोराला ओढत नेलं, ते दार या पोरानं पार केलं, आणि पलीकडे काहीच नाही. आमच्या नांदेड-लातूर भागात अशी घरं मी मोजू शकणार नाही इतकी पाहिली. पोरगा चिडतो, बाप गप्प होतो. या गप्प बसण्याचा शेवट कधी कधी फार वाईट होतो, हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको.

म्हणून हे बोलणं. कथा-कादंबऱ्यांतले बाप वाचताना मी आता आप्पांचा प्रश्न सोबत ठेवतो. यमूच्या वडिलांना कुणी विचारलं का? श्यामच्या भाऊंना, आनंदाच्या बापाला? पुस्तकातल्या बापांना आता विचारता येणार नाही. घरातल्याला येईल.

आप्पा 1996 साली गेले. ‘झोंबी’ आम्ही पूर्ण केली होती. त्यांच्यामागे बँकेचं पासबुक, दुकानाच्या जुन्या वह्या, जमिनीचे कागद निघाले. सगळीकडे तीच सही, उर्दूतली, उजवीकडून डावीकडे, एका झोकात केलेली. मराठीत सही त्यांनी आयुष्यात एकाच ठिकाणी केली होती. माझ्या पाचवीच्या प्रगतिपुस्तकावर.